२२ लिटर लघवी आणि एक हिरवा रंग

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण दोन-तीनच ओळी बघतात. साखर आहे का, प्रथिने आहेत का, पू-पेशी किती. त्या नॉर्मल असल्या की कागद फाइलमध्ये जातो. पण त्या छोट्या डबीतल्या द्रवात या दोन-तीन गोष्टींपलीकडे फार मोठा मजकूर असतो. आपण खाल्लेल्या अन्नाची पेशींमध्ये मोडतोड आणि जुळवाजुळव चालू असते, त्यालाच चयापचय म्हणतात. या कामात तयार होणारे, वापरले जाणारे आणि उरलेले हजारो लहान रेणू म्हणजे मेटाबोलाइट. त्यातले बरेचसे मूत्रपिंडांतून गाळून लघवीत येतात. कोणाच्या घरी काल काय शिजले हे सकाळच्या कचऱ्याच्या डबीवरून कळते, तसा हा प्रकार.

डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण एकच होती. लघवी काहीतरी सांगते आहे हे कळायचे, पण नेमके काय सांगते ते कळायचे नाही. एखाद्या रंगाला किंवा वासाला रेणूचे नाव मिळाले, की आजार कसा समजतो आणि मग त्यावर उपाय कसा सापडतो, त्याचा हा इतिहास. त्यातली नॉर्वेची गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण या विषयातली ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

जीभ, नाक आणि डोळे

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘मधुमेह’ हे नाव आहेच. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आपल्याकडे जुने आहे. इंग्लंडमध्ये १७व्या शतकात थॉमस विलिस या डॉक्टरने मधुमेही रुग्णाची लघवी चाखून ती गोड लागते असे लिहून ठेवले. ती चव खरोखर साखरेची असल्याचे पुढे शंभर वर्षांनी, १७७६ मध्ये, मॅथ्यू डॉब्सनने दाखवले. त्याने लघवी आटवली आणि खाली साखरेसारखा दिसणारा, साखरेसारखाच लागणारा साका उरला. ‘गोड लागते’ आणि ‘साखर आहे’ ही दोन विधाने ऐकायला सारखी वाटतात, पण त्यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे.

मधल्या काळात युरोपात काचेच्या भांड्यात लघवी धरून रंगावरून रोग सांगण्याचा धंदा जोरात होता. रुग्णाला न बघताच निदान व्हायचे. त्यात तथ्य थोडे आणि बोलबच्चन जास्त, म्हणून ते इथेच सोडतो.

काळी पडणारी दुपटी

१८९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात एक बाळ आले. त्याची ओली दुपटी थोड्या वेळाने गडद तपकिरी व्हायची. बाळ बाकी सगळ्या दृष्टीने ठणठणीत. या प्रकाराला अल्कॅप्टोन्युरिया म्हणतात. लघवीत होमोजेंटिसिक आम्ल नावाचा पदार्थ असतो आणि हवा लागली की तो काळा पडतो. हा पदार्थ १८९१ मध्ये वोल्कोव्ह आणि बाउमान या दोघांनी लघवीतून वेगळा काढून ओळखला होता. तरी तो कुठून येतो, यावर मत असे होते की आतड्यातले जंतू तो बनवत असावेत.

आर्चिबाल्ड गॅरड यांना ते पटत नव्हते. १९०१ मध्ये त्याच कुटुंबात आणखी एक बाळ जन्माला येणार होते. गॅरड यांनी आधीच सांगून ठेवले की पहिल्या दिवसापासून दुपटी नीट बघा. दोन-तीन दिवसांतच डाग पडू लागले. इतक्या लहान बाळाला बाहेरून जंतूंची लागण होऊन हे झाले असेल हे काही पटण्यासारखे नव्हते. शिवाय या बाळाचे आई-वडील एकमेकांचे सख्खे चुलत-आते-मामे अशा नात्यातले भावंड होते आणि इतर अल्कॅप्टोन्युरियाच्या कुटुंबांतही नात्यातली लग्ने वारंवार दिसत होती. १९०२ मध्ये गॅरड यांनी मांडले की हा आजार जन्मतःच असतो, आनुवंशिक असतो, आणि शरीरातल्या रासायनिक साखळीची एक कडी तुटल्याने होतो. १९०८ च्या व्याख्यानांत त्यांनी अशा विकारांना ‘चयापचयातील जन्मजात चुका’ हे नाव दिले. आजही हेच नाव चालते.

आपल्याकडे मामेबहिणीशी किंवा मामा-भाचीचे लग्न काही समाजांत रूढ आहे, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. दोष असलेला जीन एकाच बाजूने आला तर सहसा काही होत नाही. आई आणि वडील दोघांकडून तोच आला तर आजार दिसतो. एकाच आजी-आजोबांकडून दोघांनाही तो जीन मिळालेला असण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते, इतकेच. यात शाप नाही आणि कोणाच्या कर्माचा दोषही नाही.

गॅरड यांच्या समकालीन डॉक्टरांना हे सगळे कुतूहलापुरते वाटले. दुर्मीळ आजार, त्यातही अल्कॅप्टोन्युरियाचा त्रास, म्हणजे सांधे आणि पाठ दुखणे, बहुधा मोठेपणीच होणारा. त्यावर करण्यासारखे काही नव्हते. पुढची पंचवीस-तीस वर्षे हा विचार पुस्तकातच राहिला.

ओस्लोची आई

१९३४ साल. ओस्लोत एका जोडप्याला दोन मुले होती. साडेसहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. दोघेही जन्मले तेव्हा अगदी निरोगी दिसत होते. पण मुलगी जेमतेम काही शब्द बोलायची आणि अडखळत चालायची. मुलाला तर चालणे, बोलणे, हाताने खाणे यातले काहीच जमत नव्हते. आई एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहिली. तिने आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक विचित्र कुबट वास येतो. उंदीर झालेल्या खोलीत येतो तसा.

या वासाकडे कोणी लक्ष दिले नाही. मुलांना घडवणाऱ्या आईच्या नाकावर विश्वास ठेवायला आम्ही डॉक्टर लोक अजूनही कधी कधी फार वेळ लावतो.

अखेरीस ती डॉ. अस्बयर्न फॉलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. फॉलिंग आधी रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि नंतर डॉक्टर झाले होते. हा क्रम पुढे फार उपयोगी पडला. त्यांनी मुलांना तपासले आणि लघवीच्या नेहमीच्या चाचण्या केल्या. त्यात एक चाचणी फेरिक क्लोराइडची होती. मधुमेहात लघवीत कीटोन येतात का हे बघण्यासाठी ती तेव्हा सर्रास करत. लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. कीटोन असतील तर लालसर जांभळा रंग येतो, नसतील तर मिश्रण तपकिरीच राहते. या मुलांच्या लघवीचा रंग झाला गडद हिरवा. काही मिनिटांनी तो फिकट होत गेला.

असा रंग फॉलिंग यांनी कधी पाहिला नव्हता आणि पुस्तकांतही सापडला नाही. त्यांनी पहिली शंका घेतली ती औषधांची, आणि ती योग्यच होती. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे पोटात असली तरी फेरिक क्लोराइड रंग दाखवते. त्यांनी आईला सगळी औषधे काही दिवस बंद करून पुन्हा नमुना आणायला सांगितले. रंग पुन्हा हिरवाच.

आता प्रश्न होता की हा रंग देणारा पदार्थ कोणता. आज आपण नमुना यंत्रात घालतो. तेव्हा पदार्थ ओळखायचा म्हणजे तो आधी शुद्ध स्वरूपात, डोळ्यांना दिसेल इतका, हातात यायला हवा. त्यासाठी लघवी हवी आणि भरपूर हवी. ती आई मुलांची लघवी साठवून आणत राहिली. सुमारे दोन महिन्यांत एकूण २२ लिटर. चालता न येणारा, कपड्यांतच सगळे होणारा मुलगा आणि हे काम, याची कल्पना करून बघा. विज्ञानाच्या इतिहासात तिचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

फॉलिंग यांनी त्या लघवीतून पदार्थ वेगळा केला, पुन्हा पुन्हा शुद्ध केला आणि त्याचे स्फटिक मिळवले. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन किती हे मोजले. सूत्र निघाले नऊ कार्बन, आठ हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. मग ऑक्सिडीकरणाने त्याचे तुकडे केले, तर बेंझोइक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल मिळाले. या तुकड्यांवरून मूळ रेणूचा अंदाज बांधता आला. तो फिनाइलपायरुव्हिक आम्ल असावा.

अंदाज पक्का कसा करायचा? यासाठी जुन्या रसायनशास्त्रज्ञांची एक सुंदर युक्ती होती. शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानाला वितळतो. त्यात दुसरा कुठलाही पदार्थ मिसळला तर तो कमी तापमानाला वितळू लागतो. फॉलिंग यांनी लघवीतले स्फटिक आणि प्रयोगशाळेत बनवलेले फिनाइलपायरुव्हिक आम्ल एकत्र मिसळून तापवले. वितळण्याचे तापमान बदलले नाही. म्हणजे दोन्ही पदार्थ एकच.

इथे ते थांबले असते तरी शोध मोठाच होता. पण त्यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या संस्थांमधून ४३० जणांची लघवी तपासली. आणखी आठ जणांत तोच हिरवा रंग आला. अशा दहा रुग्णांवरचा निबंध १९३४ मध्येच छापून आला. तोवर ‘मंदबुद्धी’ असा एकच शिक्का मारून संस्थेत ठेवलेल्या माणसांपैकी काहींना एक ठरावीक रासायनिक आजार आहे, हे पहिल्यांदा दिसले.

पाट, दारे आणि बांध

आजार नेमका काय होता ते आता सांगतो. दूध, डाळ, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत फिनाइलॲलानिन नावाचे अमिनो आम्ल असते. यकृतातले एक एन्झाइम त्याचे टायरोसिनमध्ये रूपांतर करते. या मुलांत ते एन्झाइम काम करत नाही. शेतात पाटाचे पाणी सोडले आणि पुढचे दार उघडलेच नाही तर पाणी तुंबते आणि बांधावरून भलत्याच वावरात शिरते. तसे फिनाइलॲलानिन रक्तात तुंबते आणि आडवाटेने त्याचे फिनाइलपायरुव्हिक आम्ल बनून लघवीत उतरते. लघवीतला पदार्थ म्हणजे बांधावरून वाहिलेले पाणी. मेंदूचे नुकसान करते ते तुंबलेले फिनाइलॲलानिन. १९३७ मध्ये पेनरोज आणि क्वास्टेल यांनी आजाराला फिनाइलकीटोन्युरिया हे नाव सुचवले. आज सगळे पीकेयू म्हणतात.

पाणी तुंबते आहे हे कळल्यावर उपाय सुचायला हवा होता. वरूनच पाणी कमी सोडावे. पण हे प्रत्यक्षात यायला जवळजवळ वीस वर्षे लागली, कारण फिनाइलॲलानिन नसलेले अन्न निसर्गात मिळत नाही आणि ते पूर्ण बंद केले तर मूल वाढतही नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात हॉर्स्ट बिकेल यांच्याकडे दोन वर्षांची एक मुलगी होती. उभे राहता येत नव्हते, आजूबाजूला लक्ष नव्हते, सारखी रडायची आणि डोके आपटायची. निदान झाले होते, पण उपचार नव्हता. तिची आई रोज येऊन विचारायची, याचे पुढे काय करणार? बिकेल, जेरार्ड आणि हिकमन्स या तिघांनी दुधातले प्रथिन तोडून, कोळशातून गाळून त्यातले फिनाइलॲलानिन काढून टाकले आणि त्यावर तिला वाढवायला सुरुवात केली. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली. डोके आपटणे थांबले.

हे खरोखर आहारामुळेच होते का? ते तपासण्यासाठी त्यांनी आईला न सांगता आहारात फिनाइलॲलानिन परत मिसळले. काही तासांतच रडणे सुरू झाले आणि एका दिवसात शिकलेले बरेचसे गेले. आज असा प्रयोग पालकांच्या संमतीवाचून कोणी करू शकणार नाही आणि करूही नये. पण १९५३ मध्ये छापलेल्या त्या निबंधानंतर कोणालाच शंका उरली नाही.

ओस्लोच्या भावंडांना याचा उपयोग झाला नाही. मुलगा सहाव्या वर्षीच गेला होता.

लघवी उशिरा बोलते

उपचार सापडला, तसा एक नवाच पेच समोर आला. झालेले नुकसान आहाराने भरून येत नाही. म्हणून आजार पहिल्या काही दिवसांत पकडायला हवा. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात विलार्ड सेंटरवॉल यांनी सोपी युक्ती काढली. बाळाच्या ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकायचा. हिरवा डाग पडला की पुढच्या तपासण्या. पद्धत स्वस्त होती, कुठेही जमणारी होती.

पण पोटात असताना बाळाचे जादा फिनाइलॲलानिन आईचे शरीर निस्तरत असते. जन्मानंतर दूध सुरू झाले की ते रक्तात वाढू लागते आणि रक्तात बरेच साचल्यावरच आडवाटेचा पदार्थ लघवीत दिसतो. त्याला काही आठवडे लागतात. तोवर मेंदूला इजा सुरू झालेली असते. ज्या लघवीने हा आजार दाखवून दिला, तीच तो वेळेवर पकडायला अपुरी पडत होती.

यातून मार्ग काढला रॉबर्ट गथ्री या अमेरिकन डॉक्टरांनी. त्यांच्या घरातच हे दुःख होते. त्यांच्या मेहुणीच्या मुलीला पीकेयू होता आणि तो सव्वा वर्षाची झाल्यावर कळला होता. गथ्रींनी बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर सुकवून, जंतूंच्या वाढीवरून फिनाइलॲलानिन मोजण्याची पद्धत बसवली. चार लाखांहून अधिक बाळे तपासून त्यात ३९ बाळांत पीकेयू सापडला. १९६३ पासून अमेरिकेत ही तपासणी राज्याराज्यांत सक्तीची होऊ लागली. नवजात बाळाच्या टाचेला आज जी सुई टोचतात तिचा उगम इथे आहे.

टिपक्यांपासून यंत्रांपर्यंत

मग लघवीचे महत्त्व संपले का? मुळीच नाही. पीकेयूसाठी रक्त बरे, पण असे शेकडो विकार आहेत आणि त्यातल्या कित्येकांत तुंबलेले पदार्थ मूत्रपिंडे इतक्या झपाट्याने बाहेर टाकतात की रक्तापेक्षा लघवीत ते जास्त स्पष्ट दिसतात. फक्त प्रत्येकासाठी २२ लिटर लघवी कोण गोळा करणार?

१९४० च्या दशकात कागदी क्रोमॅटोग्राफी आली. कागदाच्या कोपऱ्यावर लघवीचा थेंब ठेवायचा, कागदाची कड द्रावणात बुडवायची. द्रावण कागदावरून चढत किंवा उतरत जाते आणि वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबतात. टिपकागदावर सांडलेल्या शाईचे रंग वेगळे होताना तुम्ही पाहिले असतील, तेच तत्त्व. मग निनहायड्रिन फवारले की अमिनो आम्लांचे जांभळे ठिपके उमटतात. लंडनच्या चार्ल्स डेंट यांनी १९४८ पर्यंत अशा साठेक पदार्थांच्या जागा नोंदवल्या आणि लघवी तपासायला ही पद्धत वापरली. लिटरचे काम थेंबावर आले.

त्यानंतर गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही जोडी आली. पहिले यंत्र पदार्थांची वाफ करून त्यांना लांब, बारीक नळीतून पाठवते, तिथून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. दुसरे यंत्र त्या रेणूला फोडून तुकड्यांचे वजन करते. फॉलिंग यांनी ऑक्सिडीकरणाने तुकडे करून ओळख पटवली होती. इथे तेच काम क्षणात आणि नावालाच पुरेल इतक्या पदार्थावर होते. १९६६ मध्ये काय तानाका आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन भावंडांच्या अंगाच्या वासाचे कोडे याच जोडीने सोडवले. वास दिवसभर बुटांत राहिलेल्या घामट पायांसारखा होता आणि त्यामागे आयसोव्हॅलेरिक आम्ल निघाले. पुढच्या काळात असे विकार एकामागून एक सापडत गेले.

वासाचीच एक गोष्ट आपल्या घरांशी जोडलेली आहे. १९५४ मध्ये जॉन मेंकेस यांनी एका कुटुंबातल्या चार बाळांची नोंद केली. चौघेही जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत दगावली होती आणि त्यांच्या लघवीला मेपल झाडाच्या पाकासारखा वास होता. आपल्याकडे हा पाक फारसा कोणाला माहीत नाही, साखर करपायला लागली की येतो तसा तो वास समजा. हा आजार तीन अमिनो आम्ले न पचल्याने होतो आणि वेळेत पकडला तर आहाराने सांभाळता येतो. वासामागचा रेणू सोटोलोन असल्याचे १९९९ मध्ये दाखवले गेले. गंमत म्हणजे सोटोलोन मेथीतही असतो. प्रसूतीच्या सुमारास आईने मेथी खाल्ली आणि निरोगी बाळाच्या अंगाला तोच वास आला, म्हणून डॉक्टर धास्तावले, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तेव्हा बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले असतील तर ते डॉक्टरांना सांगावे. मात्र बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, उलट्या होत असतील, तर ‘मेथीचा वास आहे’ असे घरीच ठरवून थांबू नये. तिथे तासातासाला महत्त्व असते.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये लघवीतल्या रेणूंची जंत्री प्रसिद्ध केली. अनेक तऱ्हेची यंत्रे लावून त्यांना स्वतःला ४४५ पदार्थ ओळखता आले आणि जुने संशोधन धरून यादी तीन हजारांच्या वर गेली. एकच यंत्र सगळे ओळखू शकले नाही हे ध्यानात घ्या. ‘एका थेंबात सगळे आजार’ अशी जाहिरात दिसली तर ही गोष्ट आठवावी.

आपल्याकडे

भारतात प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी अजून होत नाही. गोव्यात सरकारने २००८ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला होता, केरळनेही पुढे काही विकारांसाठी केला. महाराष्ट्रात मोठ्या खासगी रुग्णालयांत ती बहुधा पालकांच्या मर्जीवर आणि खिशावर असते. आपल्या बाळाची झाली आहे का, हे घरी सोडण्याआधी विचारायला काहीच हरकत नाही. घरात आधी एखादे बाळ पहिल्या काही दिवसांत कारण न कळता दगावले असेल, तर ते बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा.

ज्या बाळात शंका आहे त्याच्या लघवीची ‘ऑरगॅनिक ॲसिड’ तपासणी करतात. पुष्कळदा लघवीत भिजवून सुकवलेला कागदाचा तुकडा पाकिटातून प्रयोगशाळेला पाठवला तरी भागते. सोबत एक फॉर्म असतो. त्यात बाळाला सध्या कोणती औषधे चालू आहेत, हा रकाना घाईत रिकामा सोडू नका. आकडीवरच्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधांमुळे लघवीत वेगळेच पदार्थ दिसतात आणि निदान चुकू शकते. १९३४ मध्ये फॉलिंग यांनी त्या आईला पहिला प्रश्न हाच विचारला होता.